ब्रिसलनोझची अंडी दर वेळी वाया जातात? बिघाड कितव्या दिवशी होतो ते आधी बघा

ब्रिसलनोझ, म्हणजे काचेला चिकटून राहणारा, थूथनावर मिश्या असलेला टाकीतला छोटा प्लेको मासा, पाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. जोडी अंडी घालते, नर गुहेत बसतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत हाती काहीच उरत नाही. मग पाण्यात औषध पडतं, पीएच खालीवर केला जातो, नर बदलला जातो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. हा मासा मुळात सहज वीण देणारा आहे. जोडी वारंवार अंडी घालते याचा अर्थ पाणी, तापमान आणि खाणं बऱ्यापैकी जमलेलं आहे. चुकतंय ते एखाद्याच टप्प्यावर, आणि तो टप्पा शोधायला सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे तारीख. अंडी दिसली तो दिवस शून्य धरून वहीत लिहा. अंडी पहिल्याच रात्री बाहेर पडणं, तिसऱ्या दिवशी पांढरी होणं आणि पिल्लं तिसऱ्या आठवड्यात मरणं हे तीन निरनिराळे बिघाड आहेत. त्यांचे उपायही एकमेकांच्या कामाचे नाहीत.

साधारण २६ अंश सेल्सिअसला अंडी पाचव्या दिवसाच्या आसपास फुटतात. पुढचे चार-सहा दिवस पिल्लं पोटाला लागलेल्या पिवळ्या बलकावर जगतात, गुहेतच चिकटून राहतात, आणि बलक संपत आला की बाहेर पडायला लागतात. पाणी थंड असेल तर हे सगळं एक-दोन दिवस लांबतं. हे वेळापत्रक डोक्यात पक्कं असू द्या.

आधी मासा तोच आहे ना, आणि जोडी खरोखर जोडी आहे ना

हा भाग अनुभवी लोक वाचत नाहीत. तरीही वाचा, कारण "वर्ष झालं, अंडीच नाहीत" अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

लहानपणी ब्रिसलनोझ आणि साधा मोठा प्लेको, म्हणजे सकर म्हणून विकला जाणारा टेरिगोप्लिक्थिस, दोन्ही तपकिरी आणि ठिपक्यांचे असतात. मोठेपणी ब्रिसलनोझ १० ते १५ सेंटीमीटरवर थांबतो, तर दुसरा ३० सेंटीमीटरच्या पुढे जातो. पण ओळखायला तोपर्यंत थांबायचं कारण नाही. पाठीवरचा पर बघा. सकरचा पर शिडासारखा उंच, लांब बुडाचा असतो आणि त्यात पुढच्या काट्यामागे नऊ किंवा जास्त मऊ काड्या मोजता येतात. ब्रिसलनोझमध्ये बहुधा सातच असतात. दुसरी खूण थूथनाची. या मंडळींच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, पण ब्रिसलनोझच्या थूथनाची पुढची कड उघडी, मऊ कातडीची असते. मासा काचेला चिकटलेला असताना ही गुळगुळीत पट्टी स्पष्ट दिसते, मादीतही आणि पिल्लांतही. मिश्या नसल्या तरी या पट्टीवरून ओळख पटते.

नर-मादीचा फरक सगळ्यांना माहीत असतो, तरी गफलत होते. नराच्या थूथनावर मधोमध दोन ओळींत तंतू उगवतात, कपाळाच्या दिशेने चढतात आणि त्यांना फाटे फुटतात. मादीला काही नसतं किंवा थूथनाच्या कडेला आखूड, बिनफाट्याच्या तंतूंची एक ओळ असते. त्यामुळे "तंतू आहेत म्हणजे नर" हा नियम चालत नाही. तंतू कुठे आहेत आणि त्यांना फाटे आहेत का, हे बघायचं. पाच सेंटीमीटरच्या आतल्या माशात काहीच ठरवू नका. शिवाय टाकीत एक दांडगा नर असेल तर दबलेल्या दुसऱ्या नराचे तंतू उशिरा आणि आखूड येतात, आणि तो बराच काळ मादी म्हणून खपतो. गुहेवरून कायम मारामारी आणि अंड्यांचा पत्ता नाही, असं असेल तर ही शक्यता आधी तपासा. वरून पाहिलं की भरलेली मादी पोटापाशी रुंद दिसते. नर डोक्याशी रुंद आणि मागे निमुळता असतो.

या तंतूंचा वीणीशी संबंध आहे तो असा. १९९९ साली साबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या अभ्यासकांनी मांडलं की नराचे तंतू पिल्लांसारखे दिसतात, आणि ज्या नराकडे आधीच पिल्लं आहेत अशाकडे माद्या ओढल्या जातात म्हणून हे तंतू विकसित झाले असावेत. हा त्यांचा तर्क आहे. पण एका नराच्या गुहेत दोन वयांची अंडी-पिल्लं एकत्र सापडतात हे पाळणाऱ्यांनाही दिसतं. तेव्हा गुहेत वेगवेगळ्या रंगाची अंडी दिसली की "अर्धी खराब झाली" असं लगेच धरू नका. फिकट आणि गडद असे दोन घोस वेगळे असतील तर ते दोन वेळचे असू शकतात.

प्रजातीबद्दल थोडक्यात. दुकानातल्या साध्या तपकिरी ब्रिसलनोझवर अँसिस्ट्रस सिरोसस किंवा अँसिस्ट्रस डॉलिकॉप्टेरस अशी नावं चिकटवलेली असतात. त्यावर विसंबू नका, हा पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांमध्ये वाढलेला मासा आहे. खरा डॉलिकॉप्टेरस म्हणजे एल-१८३. काळ्या अंगावर बारीक पांढरे ठिपके, पाठीच्या आणि शेपटीच्या पराला पांढरी किनार. (हे एल-क्रमांक 'डाट्स' या जर्मन मासिकाने १९८८ साली सुरू केले, कारण शास्त्रीय नाव मिळण्याआधीच मासे बाजारात पोचत होते.) एल-१८३ रिओ निग्रोच्या मऊ, आम्ल पाण्यातला आहे. जड पाण्यात तो जगेल, पण त्याच्या अंड्यांचा भरवसा नाही. तुमच्याकडे हा असेल तर पुढचं सगळं वाचण्याआधी पाण्याचा जडपणा मोजा.

पहिल्या दोन दिवसांत अंडी गुहेबाहेर

सकाळी टाकीच्या तळाशी नारिंगी मण्यांचा घोस पडलेला, नर गुहेत किंवा भलतीकडेच. ही सगळ्यात जास्त विचारली जाणारी अडचण, आणि बहुतेकांचा समज असा की नराने अंडी टाकून दिली. बऱ्याचदा त्याने टाकलेली नसतात, ती त्याच्याकडे टिकलेली नसतात.

गुहा बघा. ब्रिसलनोझला ऐसपैस घर नको असतं. नर आत शिरल्यावर त्याचे छातीचे पर दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकले पाहिजेत. दहा-बारा सेंटीमीटरच्या नराला आतून ४ ते ५ सेंटीमीटर व्यासाची, १२ ते १५ सेंटीमीटर लांबीची आणि एका बाजूने बंद असलेली नळी लागते. याला कारण आहे. अंडी घालताना नर मादीला आत ठेवून तोंडाशी अडवून बसतो, कधी रात्रभर, कधी त्याहून जास्त. नळी रुंद असेल तर मादी अर्ध्यावर निसटते, अंडी सैल पडतात, नीट फलित होत नाहीत. नंतर नर परांनी पाणी हलवायला लागला की चिकट न बसलेला घोस त्या हालचालीनेच दाराकडे सरकतो. दोन्ही बाजूंनी उघड्या नळीत तर तो मागच्या बाजूने निघूनच जातो. अर्धी नारळाची करवंटी किंवा उलटी कुंडी मासे आवडीने वापरतात, अंडीही घालतात, पण त्यात अंडी बाहेर पडण्याचं प्रमाण जास्त असतं असा माझा ठाम अनुभव आहे.

नळी आतून फार गुळगुळीत असेल तर घोस धरत नाही. पीव्हीसी पाइप वापरत असाल तर आतली बाजू खरखरीत कागदाने घासून घ्या. भाजक्या मातीच्या नळीला हे करावं लागत नाही, म्हणून मला तीच पसंत आहे. नळीचं तोंड किंचित वर उचललेलं ठेवा. बंद टोक खाली, उघडं टोक एखाद बोट वर. एवढ्या उताराने घोस आतच राहतो. आणि फिल्टरचा झोत थेट गुहेत शिरतोय का तेही बघा. नळीच्या तोंडाशी खाद्याचा बारीक कण सोडला की प्रवाह कुठे जातो ते लगेच कळतं.

गुहा बरोबर असूनही अंडी बाहेर येत असतील तर नराकडे वळा. पहिल्या एक-दोन वेळच्या अंड्यांवर निर्णय घेऊ नका. सात-आठ सेंटीमीटरचा तरुण नर वीण करतो पण राखण करायला शिकायचा असतो. तिसऱ्या-चौथ्या घोसापासून बहुतेक नर चांगले बाप होतात. दोन नर आणि एकच चांगली गुहा असेल तर मात्र वेळ देऊन काही होणार नाही, कारण दुसरा नर राखणदाराला हुसकावतो आणि त्या झटापटीत घोस बाहेर येतो. नरांच्या संख्येपेक्षा एक-दोन गुहा जास्त ठेवा, तोंडं वेगवेगळ्या दिशांना. लोच किंवा सिक्लिड हे मासे सोबत असतील तर रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने मंद प्रकाशात, बाजूने बघा. दिवसा शांत वाटणारी टाकी तेव्हा वेगळीच असते.

आणि टॉर्च. उत्साहाच्या भरात लोक दिवसातून पाच वेळा गुहेत टॉर्च मारतात, गुहा उचलून बघतात. नर बिथरायला एवढं पुरतं. नर आत आहे, शेपूट हलतेय, एवढं दिसलं की बास.

बाहेर पडलेला घोस वाचवता येतो. त्याच टाकीत तरंगती जाळीची पेटी लावा, घोस तिच्यात ठेवा आणि शेजारी एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) अशा अंतरावर सोडा की अंडी हलकेच थरथरतील, उसळणार नाहीत. नर जे काम करतो तेच इथे बुडबुड्यांनी करायचं आहे. घोस हातात धरून उचलू नका, पाण्याच्या आतच कपात घेऊन हलवा. गुहेत परत ठेवून नराला पुन्हा बसवण्याचा प्रयत्न क्वचितच जमतो. त्यात वेळ घालवू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी अंडी

थोडी पांढरी झाली तर तो बिघाड नाही. ती फलित न झालेली असतात आणि चांगला नर ती खाऊन टाकतो. "नर अंडी खातो" या तक्रारीत बऱ्याचदा हेच असतं. घोस लहान होत जातो, पण उरलेली अंडी निरोगी असतात आणि त्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागतात. अशा नराला अजिबात हलवू नका.

सगळा घोस पांढरा झाला तर फलनच झालेलं नाही. नर फार तरुण, गुहा रुंद, किंवा ती जोडी म्हणजे दोन माद्या, या क्रमाने तपासा. आणि घोस आधी चांगला होता, मग कापसासारख्या बुरशीने वेढला गेला, तर पाणी अंड्यांवरून खेळत नव्हतं. नर निघून गेला असेल, किंवा अंडी पेटीत असतील आणि हवा कमी पडली असेल. पेटीतल्या अंड्यांतली पांढरी अंडी रोज ड्रॉपरने ओढून काढा, कारण बुरशी मेलेल्या अंड्यावर सुरू होते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांना कवेत घेते. मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं औषध वापरायचं तर वेगळ्या भांड्यात, पाणी फिकट निळं होईल इतपतच. मुख्य टाकीत ते टाकलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि मग अमोनियाचा नवाच प्रश्न उभा राहतो. देशी बदामाची वाळकी पानं सौम्य काम करतात. मी आधी तीच वापरतो.

पाचवा ते दहावा दिवस: नर गुहा सोडतो

अंडी फुटली, पिवळ्या पोटाची पिल्लं भिंतीला चिकटलेली दिसली, आणि अचानक नर बाहेर. याचं कारण बहुधा पाण्यात असतं. २९-३० अंशांच्या पुढे पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, आणि अरुंद, एका बाजूने बंद गुहेत तो आणखी लवकर संपतो. नराचं वारा घालणं आधी वेगवान होतं, मग तो वरचेवर पृष्ठभागावर झेपावून हवा गिळतो. अँसिस्ट्रस जातीचे मासे गिळलेली हवा जठरात शोषून थोडा प्राणवायू मिळवू शकतात, म्हणून तो स्वतः तगतो. पिल्लांना ती सोय नाही. गुहेच्या तोंडाजवळ एअर स्टोन सोडा, फिल्टरच्या पाण्याने पृष्ठभाग हलता ठेवा, तापमान २५-२६ वर आणा.

दुसरं कारण आपणच. वीण सुरू करायला किंचित गार पाणी घालून मोठा पाणीबदल करायची युक्ती चालते आणि मीही ती करतो. पण अंडी असताना तसा धक्का देऊ नका. नर राखणीला असेपर्यंत पाणीबदल लहान आणि तापमान जुळवूनच.

पिल्लं बाहेर आली आणि मग एकेक करून मेली

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि दोष अंड्यांना किंवा नराला दिला जातो. मृत्यू दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात होत असतील तर दोनच गोष्टींवर लक्ष द्या: पोट आणि पाणी.

पोट बघायला जाळी लागत नाही. पिल्लू काचेला चिकटलं की त्याचं पोट समोरच असतं. खाल्लेलं पिल्लू गोल, भरलेलं, आत हिरवट किंवा तपकिरी आतडं दिसणारं. उपाशी पिल्लाचं पोट तोंडाच्या चकतीमागे आत गेलेलं असतं, दोन्ही बाजूंना हाडं उठून दिसतात आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं वाटतं. पोट आत गेलेलं पिल्लू एक-दोन दिवसांत सावरलं नाही तर सहसा वाचत नाही. म्हणून हे रोज बघायचं, मेलेलं पिल्लू सापडल्यावर नाही.

उपासमार का होते? बलक संपताच पिल्लांना जवळजवळ सतत खायला लागतं, आणि सकाळ-संध्याकाळ वेफर टाकणं पुरत नाही. "टाकीत शेवाळ आहे, लाकूड आहे, खातील" हा भरवसा धोक्याचा. ड्रिफ्टवुड हवंच, पण पिल्लं त्यावरचा चिकट थर खरवडतात. खुद्द लाकडाने पोट भरत नाही. लाकूड खाणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांवरही डोनोव्हन जर्मन या अभ्यासकाने २००९ साली दाखवलं की लाकूड आतड्यातून झपाट्याने पुढे जातं आणि फारसं पचत नाही. तेव्हा भाजी द्या: वाफवून मऊ केलेली झुकिनी, काकडी, भोपळा, पालक. वजन बांधून तळाशी ठेवा, आणि एकाच कोपऱ्यात ढीग न करता दोन-तीन जागी, म्हणजे लहान पिल्लं मागे पडत नाहीत. सोबत स्पिरुलिना (शेवाळाची भुकटी) असलेलं बारीक खाद्य. ब्लडवर्मसारखं (लाल अळ्या) मांसल खाणं या वयात मी देत नाही. यांचं आतडं लांब, वनस्पती आणि गाळ पचवणारं असतं, आणि पिल्लं फुगून मरण्याच्या घटना तसल्या खाण्यावरच जास्त दिसतात.

पण भरपूर खाणं म्हणजे घाण पाणी, आणि याच पेचात लोक अडकतात. पोटं भरलेली आहेत, तरी पिल्लं मरतायत, तर अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य हवेत, "थोडंसं आहे" चालत नाही. भाजीचा तुकडा बारा तासांनी काढा, उन्हाळ्यात त्याआधी. तळाशी साचलेली विष्ठा एअर पंपाच्या बारीक नळीने रोज ओढा आणि तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी हळूहळू भरा. शंभरेक पिल्लं लहान पेटीत कोंबून ठेवली तर हे कितीही केलं तरी पुरत नाही. दहा-बारा दिवसांनी त्यांना स्पंज फिल्टर असलेल्या, आधीपासून चालू टाकीत हलवा. नव्या, चकचकीत टाकीत नको. जुन्या स्पंजवरचा थर हेच त्यांचं पहिलं कुरण. स्पंज धुवायचाच तर टाकीच्या पाण्यात, अलगद. आणि पॉवर फिल्टर असेल तर त्याच्या ओढणाऱ्या तोंडावर स्पंज चढवा, नाहीतर रोज काही पिल्लं "गायब" होत राहतील.

पोटं भरलेली, पाणी स्वच्छ, तरी एकाच जोडीच्या दर खेपेला वाकड्या शेपटीची किंवा आखूड अंगाची पिल्लं निघत असतील, तर ते भावंडांच्या संकराचं लक्षण असू शकतं. बाहेरचा नर आणा. अल्बिनो आणि तपकिरी यांच्या जोडीला सगळी तपकिरी पिल्लं झाली म्हणून नाराज होऊ नका. अल्बिनो रंग सहसा अप्रभावी असतो. ती पिल्लं तो गुण लपवून बाळगतात, आणि अशा दोन वाहकांच्या वीणीत सरासरी चारात एक अल्बिनो निघतो. लांब परांचं उलट आहे, तिथे एक पालक पुरतो.

पिल्लं तीन सेंटीमीटरची झाली की मरतूक बहुतेक थांबते. नरांच्या थूथनावर तंतूंचे पहिले ठिपके उठले की त्यांच्या टाकीत गुहा वाढवा किंवा नर वेगळे करा, आणि मोठ्या मादीला या काळात तिच्या नरापासून काही आठवडे दूर ठेवून भरपूर खायला घाला. लागोपाठ अंडी घालून ती सुकते, आणि सुकलेल्या मादीचे घोस लहान आणि फिकट येतात.